मांजराच्या लुळ्या पिल्लासाठी घरचा गाडा

पिल्लू पाय ओढत चालले की घरचे म्हणतात, "वारं गेलं." मी आधी विचारतो, पाय लुळे आहेत की तोल जातो? गाभण मांजरीला पॅनल्यूकोपेनिया विषाणूची लागण झाली, तर पिल्लांचा छोटा मेंदू नीट वाढत नाही. ती चालू लागतात तेव्हापासूनच झोकांड्या खातात. हा दोष वाढत नाही, दुखतही नाही. गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरले तरी पुष्कळ.

मंगळवार पेठेच्या गल्लीत दुचाकीखाली येऊन पाय अचानक लुळे पडले, तर गोष्ट वेगळी. पिल्लाला फळीवर ठेवून त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्यावे. आपली पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये. एका गोळीनेही मांजर दगावते.

डॉक्टरांनी होकार दिल्यावरच गाडा करावा. वायरिंगचा प्लॅस्टिक पाइप, खेळण्यातली दोन चाके, पोटाखाली मऊ सुती झोळी. पाठ सरळ राहावी. पायांत थोडी ताकद असल्यास पंजे जमिनीला टेकू द्यावेत. सुरुवातीला पाचच मिनिटे. जांघेत लाली दिसली की झोळी सैल करावी.

लघवी तुंबत असेल तर दिवसातून दोन-तीनदा पोट हलके दाबून ती काढावी लागते. हे डॉक्टरांसमोर स्वतः करून शिकावे.