पत्त्यावरची खूण कर्नललाही कळली पाहिजे

मोबाइलमधले ॲप मेमरीत माहिती ठेवते, तेव्हा त्या जागेचा पत्ता 64 बिटांत लिहिला जातो. एवढी बिटे प्रत्यक्षात लागत नाहीत. म्हणून 'आर्म' प्रोसेसरला पत्त्यातील वरची 8 बिटे दुर्लक्षित करायला सांगता येते आणि तिथे खूण ठेवता येते.

तिचा उपयोग सुरक्षेसाठी होतो. मेमरी टॅगिंगमध्ये दर 16 बाइटच्या जागेला 4 बिटांची खूण मिळते, तीच पत्त्यावरही असते. जागा मोकळी झाली की तिची खूण बदलते. नंतर जुना पत्ता वापरला, तर बहुतेक वेळा खुणा जुळत नाहीत आणि गडबड पकडली जाते.

अडचण येते ती कर्नलपाशी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापाशी. फाइल वाचायची असेल, तर ॲप कर्नलला पत्ता देते. पत्ता ॲपच्या हद्दीतला आहे ना, हे कर्नल आधी तपासते. खुणेसकट तो हद्दीबाहेरचा वाटतो आणि विनंती फेटाळली जाते.

2019च्या लिनक्स 5.4मध्ये यावर तोडगा आला. ॲपने आधी परवानगी मागायची. मग हद्द तपासण्यापुरती कर्नल खूण बाजूला ठेवते. ती कायमची पुसली, तर कर्नलमार्फत होणारे वाचन-लेखन पहाऱ्याविना राहील.