ताप गेला, अशक्तपणा राहिला. गोळ्या घ्यायच्या का?

कोरोनापासून मेडिकलवाला सर्दी-तापाच्या औषधासोबत व्हिटॅमिन सी आणि झिंकची पाकिटंही देऊ लागला. त्यांनी माणूस लवकर उठतो का? अमेरिकेत 2020 साली घरीच उपचार घेणाऱ्या 214 कोरोना रुग्णांवर हे तपासलं गेलं. काहींना दहा दिवस रोज 8000 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी, काहींना 50 मिलिग्रॅम झिंक, काहींना दोन्ही, तर काहींना यातलं काहीच नाही. आजार ओसरायला लागलेल्या दिवसांत ठोस फरक दिसेना, म्हणून चाचणी मध्येच थांबवली.

मग रोजंदारीचे पैसे त्यात का घालायचे? त्याच पैशांत अंडी, डाळ, पेरू येतो. पेरूत संत्र्यापेक्षा जास्त व्हिटॅमिन सी असतं, पण आजाऱ्याला भेटायला जाताना आपण नेतो संत्रीच! झिंकच्या जादा गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या, तर शरीरातलं तांबं घटतं.

गरोदर बाईच्या लोहाच्या गोळ्या मात्र वेगळ्या. आशाताई मोफत देतात, त्या बंद करू नका. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, तर टॉनिक नको. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी करा, ती मोफत असते. धाप लागली तर त्याच दिवशी जा.