कार्बन बिंदूंचा रेंगाळणारा प्रकाश

कार्बन बिंदू म्हणजे साधारण 10 नॅनोमीटरपेक्षा लहान कार्बनी कण. कार्बन नलिका शुद्ध करताना ते 2004 मध्ये अमेरिकेत प्रथम आढळले. सायट्रिक आम्लासारखे पदार्थ तापवूनही ते तयार होतात.

अतिनील किरण पडले की कणातील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातात. तेथून ते थेट परतले, तर प्रकाश काही नॅनोसेकंदांत विझतो, ही प्रतिदीप्ती. काही इलेक्ट्रॉन मात्र ‘त्रिक’ अवस्थेत अडकतात. तेथून त्यांची सुटका सावकाश होते, म्हणून दिवा बंद केल्यावरही चमक उरते, ही स्फुरदीप्ती. हवेतील ऑक्सिजन आणि रेणूंची हालचाल ती मारून टाकतात. त्यामुळे हे कण पॉलिव्हिनाइल अल्कोहोल किंवा सिलिकासारख्या घट्ट माध्यमात बसवतात. मग चमक सेकंदाच्या काही अंशापासून काही सेकंदांपर्यंत टिकते.

याचा एक संभाव्य उपयोग सुरक्षा छपाईत आहे. नाशिकरोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयात 1928 पासून नोटा छापल्या जातात. भारतीय नोटेवरील क्रमांक आणि कागदातील तंतू अतिनील दिव्याखाली उजळतात. रेंगाळणाऱ्या चमकेची शाई वापरल्यास दिवा विझल्यानंतरची दुसरी खूणही तपासता येईल.