स्वर आणि नादजाती : काही गैरसमज व वस्तुस्थिती

तंबोऱ्याची जवारी मनाजोगती लागली म्हणजे खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला गंधार आपोआप उमटू लागतो, आणि आपल्या गवयांनी त्याला ‘स्वयंभू’ असे अन्वर्थक नाव दिले आहे. एका स्वराच्या पोटी अनेक उपस्वर नांदत असतात आणि त्यांच्या मांडणीवरच नादाची जाती मुख्यत्वे अवलंबून असते, हे सत्य त्या एका शब्दात सामावले आहे. बारा स्वरांपलीकडील सूक्ष्म स्वरांत रचना करू इच्छिणाऱ्यांनी या सत्याचा विसर पडू देता कामा नये. म्हणून त्याबाबत रूढ झालेल्या चार समजुतींचा येथे निवाडा करू.

गैरसमज : दोन स्वरांचा संवाद केवळ त्यांच्या प्रमाणावर ठरतो.

वस्तुस्थिती : षड्ज २४० आंदोलनांचा मानला, तर शुद्ध गंधार ३०० आंदोलनांचा येतो, आणि मूळ स्वर पहिला धरून मोजल्यास षड्जाचा पाचवा आणि गंधाराचा चौथा उपस्वर १२०० आंदोलनांवर एकमेकांत विरून जातात. पेटीचा समविभागी गंधार सुमारे ३०२.४ आंदोलनांचा असल्यामुळे त्याचा चौथा उपस्वर १२०९.५ च्या आसपास पडतो, आणि दर सेकंदास नऊ-दहा हेलकावे कानाला खुपू लागतात. तंटा आहे तो या उपस्वरांचा. ते काढून घेतले तर काय उरते, हे प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या डच संशोधकांनी १९६५ साली दाखविले : उपस्वरविरहित नादांच्या जोड्यांत साध्या प्रमाणांना काहीच खास मान मिळाला नाही.

गैरसमज : तार षड्ज मध्य षड्जाच्या दुप्पट असणे हा सर्व नादांना लागू असलेला अढळ कायदा आहे.

वस्तुस्थिती : विल्यम सेथारेस या अमेरिकन अभियंत्याने संगणकावर असा नाद घडविला, की ज्याच्या उपस्वरांतील दुपटीची जागा २.१ पटीने घेतली होती. त्या नादात २.१ पटीचे अंतर सुसंवादी लागले आणि शुद्ध दुप्पट मात्र कर्कश ठरली.

गैरसमज : जावा-बालीचे गॅमेलन वाद्यवृंद बेसूर असतात.

वस्तुस्थिती : सर्वत्र सारख्या जाडीच्या मोकळ्या धातुपट्टीचे पुढील उपस्वर मूळ स्वराच्या सुमारे २.७६ आणि ५.४० पट असतात. तारेच्या उपस्वरांसारखी दुप्पट, तिप्पट अशी शिडी तेथे नसते. अशा काशाच्या पट्ट्यांवर जोपासलेल्या स्लेंद्रो आणि पेलोग या स्वरव्यवस्थांना पेटीची मोजपट्टी लावणे म्हणजे एका मुलखाचा दस्तूर दुसऱ्यावर लादणे होय. बालीत तर वाद्यांच्या जोड्या मुद्दाम किंचित भिन्न लावतात, आणि त्यातून उठणारे हेलकावे हेच तेथील नादाचे चैतन्य मानले जाते.

गैरसमज : श्रुतींचा हिशेब एकदा मुकरर झाला, की ती रचना कोणत्याही वाद्यावर वाजविता येते.

वस्तुस्थिती : स्वर आणि नाद एकमेकांसाठी घडवावे लागतात. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत. परंतु तबल्याच्या पुडीवर शाईचे थर चढवून आपल्या कारागिरांनी ते जवळजवळ पूर्णांक प्रमाणांत आणले, आणि चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली त्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. तबला षड्जात मिळतो तो या कौशल्यामुळे. जॉन चाऊनिंग यांनी १९७७ च्या ‘स्ट्रिया’ या संगणकीय रचनेत १.६१८ या सुवर्णगुणोत्तरावर स्वरांतरे बेतली, आणि नादांचे अंतरंगही त्याच गुणोत्तरावर बेतले.

म्हणून नव्या रचनाकारास एवढीच विनंती, की श्रुतींचे कोष्टक मांडण्यापूर्वी त्याने आपल्या वाद्याचा एकच स्वर छेडून तो पूर्ण विरेपर्यंत ऐकावा, आणि त्यातून कोणते उपस्वर उमटतात ते टिपून घेऊन मगच कोष्टकाला हात घालावा.