घरचा लेथ, गावाचा आधार

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे शिरूर आणि दौंड हे तालुके. एकीकडे घोड, दुसरीकडे भीमा. दोन्हीकडे ऊस, कांदा आणि मोटारी. दौंड-मनमाड रेल्वेमार्ग १८७८ सालचा; पुढे रांजणगाव आणि कुरकुंभ इथे औद्योगिक वसाहती आल्या. टर्नर, फिटर ही कामं इथल्या घरांना परकी नाहीत. घराच्या पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ, ड्रिल, ग्राइंडर आणि वेल्डिंगचा संच एवढ्यावर गावाची केवढी तरी कामं अडायची थांबतात.

अशा छोट्या वर्कशॉपची परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानाने सुरुवात केली. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. मोठी कारखानदारी अशा लहान जागेतून वर आली.

घरच्या वर्कशॉपचं खरं भांडवल मापात असतं. मोटारीच्या शाफ्टचंच घ्या. ६२०५ बेअरिंगचं भोक २५ मिलिमीटर. शाफ्टवर बेअरिंग फिरत राहिलं की तिथली जागा झिजते आणि बेअरिंग सैल होतं. पंच मारून ते बसवता येतं, पण टिकत नाही. टिकाऊ काम करायचं तर वेल्डिंगने भर घालावी लागते. ती एकाच बाजूने सलग घातली तर शाफ्ट वाकतो, म्हणून समोरासमोरच्या बाजूंनी थोडी थोडी. सावकाश थंड होऊ द्यायचं, दोन सेंटरमध्ये धरून डायलने बाक पाहायचा आणि मग टर्निंग करायचं. शेवटचं माप २५ मिलिमीटरच्या वर शतांश मिलिमीटरभर राहिलं, म्हणजे बेअरिंग घट्ट बसतं.

सुटा भाग बाजारात मिळत नाही, तेव्हा कसोटी आणखी कठीण. गुऱ्हाळाच्या चरकाचा गनमेटल बुश जुन्या बुशावरून जसाच्या तसा उतरवला, तर त्याची झीजही नव्या बुशात उतरते. म्हणून जिथे घासलं नाही तिथलं माप घ्यायचं, शाफ्ट वेगळा मोजायचा आणि तेलाची खाच विसरायची नाही. बुश का संपला, हेही शोधायचं. तेल पोचत नसेल किंवा शाफ्ट वाकलेला असेल, तर नवा बुशही त्याच वाटेने जाईल.

मर्यादाही ओळखायला हव्यात. ट्रॅक्टरचे ब्रेक, ट्रॉलीचा हूक, उष्णोपचार केलेले गिअर यांना घरगुती भर घालणं म्हणजे जिवाशी खेळ; तिथे कंपनीचाच भाग घ्यावा. लेथवर सैल बाह्या आणि हातमोजे नकोत, चकमध्ये चावी राहू देऊ नये.

हंगामात पंप बंद पडला की पिकाला धग लागते, आणि अशा वेळी जवळचं वर्कशॉप शेतकऱ्याचा दिवस वाचवतं. आयटीआयमधल्या मुलांना या शेडमध्ये उमेदवारी मिळावी, आणि प्रत्येक शेडमध्ये केलेल्या कामांच्या मापांची वही असावी. कारागीर बदलला तरी ती मापं पुढच्या हाताला कामी येतील, आणि दुरुस्तीची ही विद्या तालुक्यातच मुरेल.