जोत्याखालची जमीन

भातसाकाठच्या सापगावात काय किंवा शहापूर-मुरबाडच्या पेठांत काय, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही आपल्या व्यापारी घरांची जुनी रीत. दगडी जोते, जाड भिंती, लाकडी तुळया. मालाला जागा अपुरी पडू लागली की घरातील तरुण मंडळी सुचवितात, ‘दुकानाखाली तळघर काढू.’

अडचण भिंतीच्या पायात आहे. अशा घरांना खांबांचा सांगाडा नसतो. बहुतेक भार भिंतीच वाहतात. पाया ज्या मातीवर टेकलेला असतो, ती आजूबाजूच्या मातीने दाबून धरलेली असते. भिंतीलगत पायापेक्षा खोल खणले की तो आधार सुटतो, माती खड्ड्याकडे सरकते आणि भिंत खचते. भिंत सामाईक असेल तर शेजाऱ्याचे घरही खचते. दारे अडकू लागतात, कोपऱ्यात तिरकी भेग उमटते. आणि आपण बोलावतो सुताराला!

जाणकार अभियंता सलग चर खणू देत नाही. भिंतीखालचा मीटरभराचा तुकडा उकरून तेथे काँक्रीट भरायचे, ते घट्ट झाल्यावरच अंतर सोडून दुसरा तुकडा घ्यायचा. हे काम संथ आणि खर्चिक, म्हणून ठेकेदाराला नकोसे.

त्यात आपला पाऊस. अक्षय्यतृतीयेला कुदळ मारली तर मृगापूर्वी जेमतेम महिना-दीड महिना हाती उरतो. उघड्या खड्ड्यात पाणी भरते. पंपाने उपसताना बारीक मातीही वाहून जाते व पायाखाली पोकळी राहते. आरंभ दिवाळीनंतरच करावा.

खालच्या फेरबदलाची किंमत कोण मोजतो, हे मुंबईने पाहिले आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी-साई इमारत कोसळून १७ जण दगावले. तेथे प्रश्न तळघराचा नव्हता. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते व त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. २००७ मध्ये बोरिवलीच्या लक्ष्मीछाया इमारतीच्या दुर्घटनेतही बोट तळमजल्यावरील दुकानातील बदलांकडेच दाखविले गेले. निर्णय खालच्याचा, जीव मात्र वरच्यांचे.

तेव्हा परवानगीचा अर्ज करण्याआधी भिंतीलगत एक लहान चाचणी-खड्डा अभियंत्याच्या देखरेखीखाली घ्यावा आणि पाया किती खोल आहे ते पाहावे. शेजाऱ्याला सोबत घेऊन दोन्ही घरांतील भेगांची छायाचित्रे काढावीत. भेगेवर प्लास्टरची पट्टी लावून तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली, तर त्याच दिवशी काम थांबवून अभियंत्याला बोलवावे.