फायनल एक्झिटनंतरचा हिशेब

ठाण्याची राबोडी, मुंब्र्याजवळचे कौसा, कल्याणचा दूधनाका. कुठल्याही इमारतीत जा, सौदी, कुवेत किंवा दुबईत उमेदीची वर्षे घालवून परतलेला एखादा कर्ता माणूस भेटतोच. कौशाचे आमचे मामू त्यांतलेच. इकामा संपला, फायनल एक्झिट लागला, मामू घरी आले. तीन वर्षांनी बँकेने केवायसीसाठी व्हिसाची प्रत मागितली, तेव्हा कळले की त्यांचे एनआरई खाते तसेच चालू आहे.

"आपण व्याजाला हातही लावत नाही," मामू म्हणाले. "येईल ते सवाबाची नियत न ठेवता गरजूंना देतो. मग टॅक्स कसला?"

हा प्रश्न आपल्या अनेक घरांतला आहे. उत्तर कडू आहे: खात्यात जमा झालेले व्याज कायद्याच्या नजरेत उत्पन्नच, नंतर तुम्ही ते कुणाला दिले, याने ते पुसले जात नाही. एनआरई खात्यावरचे व्याज करमुक्त असते ते परदेशात राहणाऱ्यासाठी. कायमचे परतल्यावर खाते साध्या निवासी खात्यात बदलून घ्यायचे असते, आणि तेव्हापासूनचे व्याज विवरणपत्रात दाखवायचे असते.

दुसरा गोंधळ दिवसांचा. आर्थिक वर्षात भारतात 182 दिवस झाले की माणूस निवासी. पण कायमचा परतलेला माणूस त्या वर्षी 60 दिवस राहिला आणि आधीच्या 4 वर्षांत त्याचे मिळून 365 दिवस इथे झाले असतील, तरीही तो निवासी ठरतो. समजा, कोणी 10 डिसेंबरला परतला. 31 मार्चपर्यंत 112 दिवस होतात. दरवर्षी 40 दिवसांची सुट्टी घेतली असेल तर 4 वर्षांचे 160, तो अनिवासीच. दरवर्षी 100 दिवस आला असेल तर 400, म्हणजे निवासी.

बरीच वर्षे बाहेर काढलेल्यांना त्यानंतरही बहुधा दोनेक वर्षे 'आरएनओआर' हा मधला दर्जा मिळतो. त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर सहसा इथे कर नसतो. पण इथल्या बँकेचे व्याज इथलेच उत्पन्न, त्याला ही सवलत नाही. मामूंची ती मुदतही सरली होती. रियाधच्या खात्यात थोडे रियाल पडून आहेत; आता ते खातेही विवरणपत्रात दाखवावे लागते, मग उत्पन्न कितीही कमी असो. परदेशी मालमत्ता लपवल्यास 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून घर-जमीन सोडून एकूण 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट आहे, तरी दाखवणे सुटत नाही.

आणि कागदावर एनआरआय राहण्यात फायदा तरी कुठे आहे? 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य होतो, पण ती सूट फक्त निवाशाला. एनआरओ खात्याच्या व्याजातून 30 टक्के आणि वर सेस कापला जातो तो वेगळाच.

राहिलेल्या वर्षांचे विवरणपत्र 4 वर्षांपर्यंत भरता येते, मात्र करावर 25 ते 70 टक्के जादा मोजून. जितका उशीर तितके जास्त. मामूंना हेच करावे लागणार आहे. कल्याणच्या सीएने पहिल्याच भेटीत जुने पासपोर्ट मागितले. मामींनी ते लोखंडी कपाटातून काढले, आणि रात्री जेवणानंतर आम्ही सगळे शिक्के मोजत बसलो.